गावातल्या शाळकरी मुलांना बायबल आणि ख्रिस्ती जीवनदृष्टी कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की वाशिमकडच्या तुमच्या मंडळीत ८ ते १५ वर्षांची वीसेक मुलं आहेत, इंग्रजीवरून मराठीत आणलेला अभ्यासक्रम हाताशी आहे, आणि तिसऱ्याच रविवारी मुलं मागच्या दाराने पसार व्हायला लागली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात १४ वर्षांपासून शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबल वर्ग, घेतो. आठवडाभर कृषी केंद्रात बियाणं-खतांचा हिशेब लिहितो. युनियन बायबल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारं कॉलेज, एकेकाळी यवतमाळलाच होती, १९५३ पासून. १९८३ ला ती पुण्याला गेली, आणि आमच्यासारखे विनापदवीचे इथेच राहिले. तेव्हा चुकतमाकत जे कळलं तेवढंच सांगतो.

तो अभ्यासक्रम सध्या कपाटात ठेवा. वाईट आहे म्हणून नाही. पण 'जीवनदृष्टी' नावाची जी पुस्तकं बाहेरून येतात, त्यांतले प्रश्न आपल्या पोरांना पडलेलेच नसतात. उत्क्रांतीवर दोन प्रकरणं असतात, आणि आपल्या पोराच्या डोक्यात असतं, यंदा कापूस का गेला? तान्ह्या पोळ्यात, म्हणजे पोरांच्या पोळ्यात, लाकडी बैल नेऊ का नको? मित्राकडचा प्रसाद खाल्ला तर? या प्रश्नांना तुम्ही कसं उत्तर देता, तीच त्या पोराची जीवनदृष्टी होते. वेगळा तास लावायची गरज नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. २०१७ ची गुलाबी बोंडअळी तुम्हाला आठवत असेल. बोंड वरून ठणठणीत, फोडलं की आत अळी आणि कवडी झालेला कापूस. त्या वर्षी जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, मी मुलांना छाती फुगवून सांगितलं होतं की जो देवावर भरवसा ठेवतो त्याचं पीक देव राखतो. डिसेंबरात सातवीतला एक पोरगा वर्ग सुटल्यावर चपला घालत घुटमळला. म्हणाला, "भाऊ, आमी तं एकबी रविवार चुकवला नाई." एवढंच. त्याच्या बापाने त्याच आठवड्यात उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घातला होता. मी काहीतरी 'देव परीक्षा पाहतो' असं पुटपुटलो. पोरगं मान हलवून गेलं आणि पुढचे दोन रविवार आलं नाही.

तो परत आला तेव्हा मी वर्गासमोर कबूल केलं की मी सांगितलं ते शास्त्रात नाही. मग बायबलमधल्या चार जागा उघडल्या. मत्तय ५ मध्ये देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, आणि येशू विचारतो की ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? योहान ९ मध्ये शिष्यांनी आंधळ्याकडे बोट दाखवून विचारलं, पाप कुणाचं, याचं का याच्या आईबापाचं? उत्तर आलं, दोघांचंही नाही. शेवटी, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र. ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ते बरोबर होते. तोंड उघडलं आणि घसरले. "तुमच्यावानी," एक पोरगी म्हणाली. वर्ग हसला, मीही.

पण तेवढ्यावर सोडलं नाही. बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेला कापूस; अळी त्याला दाद देईनाशी का झाली तेही सांगितलं. पिशवीसोबत नॉन-बीटी बियाण्याचं छोटं पाकीट येत होतं, ते वावराच्या कडेने लावायचं असतं, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. बहुतेकांनी ते फेकलं. काउंटरवर मीही गिऱ्हाइकाला कधी नीट समजावून सांगितलं नव्हतं. उत्पत्ती २ मध्ये माणसाला बाग मशागत करायला आणि राखायला दिली आहे. त्यातलं राखणं आपण विसरलो, हे पोरांना लगेच पटलं. शाप, परीक्षा असले शब्द मी तेव्हापासून फार जपून वापरतो. तुमच्या वर्गातही एखादं लेकरू असं असेल ज्याच्या घरात आत्महत्या झाली आहे. त्याच्यासमोर तर 'का झालं' याचं उत्तर द्यायला जाऊच नका. जवळ बसा.

आता दाखल्यांबद्दल, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथांबद्दल. येशूचे कितीतरी दाखले शेतीचे आणि मजुरीचे आहेत, म्हणजे या विषयात पोरं तुमच्यापेक्षा हुशार आहेत. पेरणाऱ्याचा दाखला सांगताना एकाने विचारलं, "पांदणीवर बी टाकते, हा शेतकरी येडा होता काय?" आठ-नऊशे रुपयांची पिशवी, एकेक सरकी मोजून टोबायची सवय, त्याचं बरोबरच होतं. येशूच्या काळी तिकडे बी हाताने फेकून पेरत, हे सांगितल्यावर गोष्ट पुढे सरकली.

मत्तय २० मात्र दोन रविवार पुरला. द्राक्षमळा आमच्या पोरांनी पाहिलेला नाही, म्हणून म्हटलं वेचणीचा दिवस समजा. मालकाने सकाळीच मजूर लावले, मग नवाला, बाराला, तीनला, आणि पाच वाजता आणखी. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार, त्या काळची एका दिवसाची मजुरी. वर्गात गोंधळ. आपल्याकडे वेचणी किलोवर असते, काट्यावर गाठोडं चढल्याशिवाय पैसा नाही. "माही माय तं तिथंच भांडली असती," एक म्हणाली. ज्याच्या घरी पंधरा एकर आहे तो म्हणाला, पैसा मालकाचा, त्याले जसा वाटेल तसा तो देईन. बाजू पडल्या, आणि त्या घरच्या वावरावरूनच पडल्या, हे मला दिसत होतं. मग मागे बसणारी, फारशी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "पन ते पाच वाजेपर्यंत थितं उभे काऊन होते?" मी सातवं वचन वाचलं. त्यांना कोणी कामावर लावलंच नव्हतं. ती म्हणाली, "आमच्या आजीलेबी कोनी नेत नाई. हात हळू चालते म्हनते. पन पीठ तं तिलेबी लागते." यावर मी काही बोललो नाही, बोलायला काही उरलं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याचं विचाराल तर यावर मंडळीत एकमत नाही, तुमच्याकडेही नसेल. मी लाकडी बैल वर्गातच आणायला लावले. निर्गम २० मधल्या शब्बाथाच्या आज्ञेत जनावरालाही विसावा आहे, आणि अनुवाद २५ मध्ये मळणीच्या बैलाला मुसकं घालू नये म्हटलंय. पूजेबद्दल काय ते घरच्यांनी ठरवावं; पण शेजाऱ्याच्या सणाची टिंगल करून आपला विश्वास शिकवता येतो, असं मला कधीच वाटलं नाही. शेवटी तीच पोरं सोमवारी एका बाकावर बसतात.

भाषेचं बघा. जुन्या भाषांतरातलं मराठी पोरांच्या जिभेवर अडखळतं, म्हणून सोप्या मराठीतलं घ्या आणि गोष्ट आधी वऱ्हाडीत तोंडी सांगा, पुस्तक नंतर उघडा. गाण्यांसाठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आहेतच. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांच्या हाती नवा करार आला, हेही पोरांना सांगा, रेल्वे म्हटलं की ऐकतात. गावात हरिपाठ ऐकलेल्या पोरांना अभंगाची चाल शिकवावी लागत नाही, टाळ दिले की झालं.

वेळेचं म्हणाल तर मे महिन्यातली व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, सकाळी सातला सुरू करून साडेनऊला संपवा, त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. वेचणीच्या दिवसांत अर्धी पोरं रविवारीही वावरात असतात. त्यांना रागावू नका, वर्ग संध्याकाळी घ्या.

आणि हे नीट वाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली मागू नका, हेडमास्तर ओळखीचे असले तरी. घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला त्यात बसवता येत नाही. वर्ग चर्चमध्ये किंवा कुणाच्या ओसरीवर घ्या. मित्रासोबत दुसऱ्या धर्माचं पोरगं आलं, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन आईबापाला सांगा की इथे आम्ही हे हे शिकवतो, चालेल का. दोनदा मला नाही म्हणाले, विषय संपला. आजही त्यांच्याकडे चहा होतो. दप्तरं, वह्या, खाऊ वाटून गर्दी जमवू नका.

पहिल्या रविवारी मत्तय २० घ्या. एक ताणकाटा सोबत न्या, मोठी पोरं समोर येऊन बसतील.