सही हाताची की यंत्राची?

प्रश्न : राजकारणातल्या स्त्रियांच्या आत्मचरित्रांच्या, सही केलेल्या पहिल्या आवृत्त्या मी जमवते आहे. सही अस्सल आणि आवृत्ती पहिलीच, हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी सही बघा, फसगत तिथेच जास्त होते. नेत्यांच्या सह्या अनेकदा ऑटोपेनने, म्हणजे खरं पेन धरून सहीची नक्कल उतरवणाऱ्या यंत्राने केलेल्या असतात. एकाच व्यक्तीच्या दोन सह्यांचे फोटो सारख्या आकारात करून एकमेकांवर ठेवा. तंतोतंत जुळल्या, तर यंत्राचं काम समजा. हाताची सही दरवेळी थोडी बदलतेच. मग 10 पट भिंगाखाली शाई पाहा. हाताच्या रेघेत दाब कमीजास्त होतो, शेवट निमुळता होत जातो. यंत्राची रेघ एकसारखी जाड, टोकाला बहुधा ठिपका. सहीचं पान नंतर डकवलेलं असेल तरी सही खोटी ठरत नाही, प्रकाशकही तशी पानं घालतात. पण पुस्तकाच्या मूळ पानावरची सही आम्ही संग्राहक वरचढ मानतो.

आवृत्तीसाठी कॉपीराइटच्या पानावरची आकड्यांची ओळ (10 9 8 … 1 अशी) वाचा; ती कितवं मुद्रण ते सांगते. बहुतेक इंग्रजी प्रकाशकांच्या ओळीत 1 असेल, तर ते पहिलं मुद्रण. पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत नसेल, तर बुक क्लबची (सभासदांसाठी वेगळी छापलेली) प्रत असण्याची शंका घ्या. आणि वेष्टण फाटलं तरी सेलोटेप लावू नका, त्याचे पिवळे डाग जात नाहीत.