ईटीआरएन देऊनही मेल येत नसेल तर

ईटीआरएन ही मेल सर्व्हरला द्यायची एक कमांड आहे, पण ती म्हणजे मेल ओढून आणणं नव्हे. तू बॅकअप सर्व्हरला (तुझा सर्व्हर बंद असताना मेल साठवून ठेवणाऱ्या) फक्त सांगतोस, 'माझ्या डोमेनची रांग आता सोड.' तो एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचं मेल कुठे द्यायचं ते सांगणारी नोंद) बघून तुझ्याकडे नवं कनेक्शन उघडतो, म्हणून तुझं मेल घेणारं पोर्ट 25 बाहेरून उघडंच हवं. जुन्या टर्न कमांडमध्ये त्याच कनेक्शनवर, ओळख न पटवता दुसऱ्याचं टपाल पळवता यायचं. त्यावरचा 1996 चा ईटीआरएनचा उपाय मला खरंच पटतो.

आधी टेलनेटने बॅकअप सर्व्हरला जोडून बघ: ईएचएलओच्या (सर्व्हरला 'काय काय येतं?' विचारणाऱ्या कमांडच्या) उत्तरात ईटीआरएन दिसतंय का? ईटीआरएन दिल्यावर 251 हा कोड आला तर रांग रिकामी आहे. पलीकडे पोस्टफिक्स (एक मेल सर्व्हर सॉफ्टवेअर) असून 459 आलं, तर तुझं डोमेन फास्ट-फ्लश यादीत (ज्यांची रांग मागताच सोडायची त्या डोमेनच्या) बहुधा नाही. तिथल्या अ‍ॅडमिनला घालायला सांग. तुझा आयपी सतत बदलत असेल तर मात्र एटीआरएनच घे (ओळख पटवून त्याच कनेक्शनवर मेल देणारी कमांड), पोर्ट 366.