सहलीचं विचारलंत, पण मार्चच्या हप्त्याचं काय?

"ताई, मी भद्रावती तालुक्यातला कास्तकार, वय ४९. येत्या वैशाखात लग्नाला २५ वर्षं होतात. ताडोब्याजवळच्या एका मोठ्या लॉजवर बायकोला घेऊन तीन रात्री राहावं असं मनात आहे. सफारी, जंगलात पायी फेरी, योग, तेलमालिश, सगळं धरून १ लाख ३५ हजार सांगतात. मोठे दादा म्हणतात, रोही-डुकरांपायी रात्रभर वावरात जागल करतोस अन् पैसे देऊन जंगलात झोपायला जातोस? पैशाची तशी अडचण नाही. खाणीत चार एकर गेलं, त्याचे ३२ लाख आले. १५ घराला लागले, ६ देण्यात गेले. बँकेतल्या साहेबांनी एफडीसारख्याच योजनेत २०२४च्या मार्चपासून वर्षाला ३ लाख भरायला लावले. १० वर्षं भरायचे, १५व्या वर्षी ४५ लाख हमखास. दोन हप्ते झाले, तिसरा येत्या मार्चमध्ये. पुढचे कापसावर निघतील. खात्यात ५ लाख आहेत. मुलगी नागपुरात नर्सिंगला, मुलगा बारावीला. लॉजचे पैसे खात्यातून देऊ की कार्डवर हप्त्याने? योजनेच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे."

भाऊ, सहलीला जा. किती दिवस आणि कितीत, ते शेवटी सांगते. त्याआधी तुमच्या "पैशाची तशी अडचण नाही" या वाक्यावर बोलायला हवं. अडचण आहे, आणि ती मार्चवर येऊन ठेपली आहे.

तुम्ही पाठवलेला कागद एफडीचा नाही. ती विम्याची पॉलिसी आहे, विमा रक्कम ३० लाख, हे पहिल्याच पानावर छापलंय. एफडीत पैसे एकदा ठेवायचे आणि नड आली तर थोडं व्याज सोडून मोडायचे. इथे तुम्ही दहा वर्षं दर मार्चला ३ लाख भरायचं कबूल करून बसलात. ज्याच्या घरी महिन्याचा पगार नाही, पाऊस आणि भाव यांवर ज्याचं वर्ष ठरतं, त्याच्या गळ्यात हे बांधणाऱ्या माणसाला तुमचं उत्पन्न विचारावंसंही वाटलं नाही, याचा मला संताप येतो. जमिनीचा मोबदला खात्यात जमा झाला की असे साहेब घरी चहाला येतात. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर कमिशन सर्वांत मोठं असतं.

आता "हमखास ४५ लाख". भरणार ३० लाख, मिळणार ४५. दीडपट ऐकायला बरं वाटतं, पण त्याला १५ वर्षं लागतात. हिशेब केला तर वर्षाला ४ टक्के पडतात. हेच हप्ते ७ टक्क्यांनी वाढले असते तर ६२ लाख झाले असते.

पण तुमच्या बाबतीत टक्क्यांपर्यंत जायचीही गरज नाही. हप्ता कापसावर निघेल म्हणता, तर कापूसच मोजू. सहा एकर कोरडवाहू उरलंय असं कागदात दिसतं. एकरी सहा क्विंटल धरले तर ३६ क्विंटल. २०२५-२६चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे सगळा कापूस हमीभावात गेला तरी हाती २ लाख ९० हजार. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई काहीच न काढता! ते काढल्यावर सव्वा-दीड लाख राहिले तर वर्ष चांगलं म्हणायचं. अख्खा कापूस विकूनही हप्ता भरत नाही, मग घर कशावर चालणार? २०२१-२२च्या हंगामात कापूस दहा हजारांवर गेला होता, तो भाव अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे. त्यानंतर तो टिकला नाही, हे तुमच्या कापूसविक्रीच्या पट्ट्यांवरच दिसेल.

म्हणजे होणार काय? मार्चचा हप्ता भराल, खात्यात २ लाख उरतील, आणि २०२७च्या मार्चमध्ये पॉलिसी तशीही थांबेल. फरक इतकाच, की आणखी ३ लाख त्यात अडकलेले असतील.

म्हणून मार्चचा हप्ता भरू नका. त्याआधी कंपनीकडे (बँकेकडे नव्हे) दोन आकडे लेखी मागा. आज पॉलिसी मोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, म्हणजे पेड-अप केली, तर शेवटी किती. तुमची पॉलिसी २०२४च्या मार्चची, म्हणजे मोडण्याच्या जुन्या नियमातली आहे. मोडल्यावर किमान ३० टक्के, म्हणजे ६ लाखांचे १ लाख ८० हजार मिळतील. त्यांना उरलेली तेरा वर्षं ७ टक्के मिळाले तरी सव्वाचार लाख होतात. पेड-अप केल्यास दहापैकी दोन हप्ते, म्हणून ३० लाखांच्या विमा रकमेचा पाचवा हिस्सा, साधारण ६ लाख मुदतीअंती मिळावेत. या आकड्यांवर मोडण्यापेक्षा पेड-अप बरी. लेखी आकडे वेगळे आले तर मला पुन्हा लिहा.

सोबत कंपनीकडे तक्रारही करा, की एफडी सांगून विमा विकला. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, कारण अर्जावर तुमची सही आहे. पण तक्रार केलीच पाहिजे, त्या गावात ज्यांची जमीन गेली ते तुम्ही एकटे नसाल.

पेड-अप झाली की विमाही पाचवा हिस्साच उरतो. तेव्हा पंतप्रधान जीवन ज्योती विमा लगेच घ्या. वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचा विमा. पण पन्नाशीच्या आत नाव नोंदवावं लागतं, आणि तुम्ही ४९चे आहात! जमलं तर त्यावर साधा मुदत विमाही (टर्म इन्शुरन्स) घ्या. तो हप्ता परवडेल.

आता खात्यातले ५ लाख. २ लाख मुलांच्या शिक्षणाला, १ लाख खरिपाला (बाकी पीककर्ज), १ लाख ३० हजार दवाखाना आणि अडीअडचणीला. उरले ७० हजार, ते तुम्हा दोघांचे. यातच सहल बसवा. कार्डवर हप्ते अजिबात नकोत.

दादांचं मला पटत नाही. मचाणावर डुकरं हाकलत काढलेली रात्र आणि कोणीतरी चहा आणून देतंय अशी जंगलातली सकाळ एक नाही. तुमच्या बाईंनी पंचवीस वर्षं वेचाई केली आहे, त्यांच्या पाठीला तेलमालिश मिळावी यात चैन कसली? तीन रात्रींऐवजी एक रात्र त्या लॉजवर राहा, दुसरी मोहर्लीला पर्यटन महामंडळाच्या निवासात. लॉजचा दर विचारताना जीएसटी धरून का, हे विचारा. ७,५०० रुपयांच्या वरच्या खोलीला १८ टक्के लागतो. १ लाख ३५ हजारांत तो नसेल तर बिल १ लाख ६० हजारांच्या जवळ जाईल. सफारी वनखात्याच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा. जिप्सीत सहा जण बसतात, लेकरांनाही एका फेरीला घ्या. वैशाखात ऊन भाजून काढतं, पण वाघ पाणवठ्यावर दिसायचा काळही तोच, आणि तेव्हा वावरात कामही नसतं. फक्त मंगळवार टाळा, ताडोबा त्या दिवशी बंद असतो.