कोल्हापुरात लॉजसाठी 60 उशा घ्यायच्या आहेत. आत भरण कसलं असावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबाबाईच्या देवळाजवळ 24 खोल्यांचं लॉज चालवायला घेतलंय, जुन्या कापसाच्या उशा काढून 60 नव्या घ्यायच्यात. एक विक्रेता रेक्रॉन सांगतो, दुसरा मायक्रोफायबर, तिसरा मेमरी फोम, आणि भावात दुपटी-तिपटीचा फरक आहे. शिवाय जुन्या उशांचं काय करावं, हेही विचारलंय.

माझं उत्तर: सात डेनियरचं (म्हणजे मध्यम जाडीच्या तंतूचं), पोकळ, सिलिकॉन चढवलेलं नवं पॉलिएस्टर फायबर घ्या. 17 बाय 27 इंचाच्या उशीत निव्वळ 750 ग्रॅम. खोळ, म्हणजे भरण ज्यात असतं ते उशीचं स्वतःचं कापड, दाट विणीच्या सुती कापडाची, आणि प्रत्येक उशीला खोळ आणि अभ्रा यांच्यामध्ये चेनचा प्रोटेक्टर, म्हणजे डाग अडवणारं कव्हर.

हे का, ते सांगतो. घरची उशी घेताना डोक्याखाली कशी लागते ते बघायचं. धंद्याची उशी घेताना आधी बघायचं की ती धुणार कोण, आणि मुख्य म्हणजे वाळवणार कुठे. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात गच्चीवर साधी चादर दोन-दोन दिवस ओलसर राहते. त्यात जाड उशी आतून वाळेल ही आशा सोडा. पन्हाळ्यावर ज्यांची हॉटेलं आहेत त्यांना तर धुकंच खिडकीतून आत येतं. म्हणून जे भरण पाणी धरून ठेवत नाही आणि ड्रायरमध्ये टाकता येतं, तेच इथे टिकतं. पॉलिएस्टर हवेतून स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओल घेत नाही. कापूस आठ टक्क्यांच्या आसपास घेतो. पावसाळ्यात कापसाच्या उशीला जो कुबट वास येतो तो याच ओलीचा.

कापूस वाईट नाही. घरी दर दोन वर्षांनी पिंजून घेतला तर तो वर्षानुवर्षं चालतो. पण लॉजवर रोज वेगळं डोकं, तेल, घाम. कापूस दबतो, गोळे धरतो, धुता येत नाही, आणि 60 उशा उसवून पिंजाऱ्याकडे पाठवायच्या तर तेवढे दिवस खोल्यांत काय ठेवणार? सावरीचा कापूस हलका आणि मऊ असतो, पण त्याचे तंतू ठिसूळ. कालांतराने भुगा होऊन खोळीतून धूळ निघायला लागते. पिसांची उशी तीर्थक्षेत्राच्या लॉजवर घेऊच नका. दमट हवेत वास धरते, आणि बरेच भाविक त्यावर डोकं ठेवायला तयार होत नाहीत.

मेमरी फोमचं वेगळं. तो मशीनमध्ये धुतला की फाटतो, पाणी प्यायला की आतून लवकर सुकत नाही. थंडीत कडक होतो, उन्हाळ्यात मऊ पडतो. मानेचा त्रास असलेल्यांना तो बरा वाटतो, म्हणून चार-पाच उशा रिसेप्शनच्या कपाटात ठेवा आणि मागितल्यावर द्या. सगळ्या खोल्यांत नको. आणि फोमचा चुरा भरलेली स्वस्त उशी कोणी दाखवली तर परत करा. हात लावला की आतले तुकडे जाणवतात, वर्षभरात पिवळे पडून भुसा होतो.

आता पॉलिएस्टर फायबरमधल्या फरकाकडे येऊ (रेक्रॉन आणि मायक्रोफायबर दोन्ही त्यातलेच), कारण खरी फसगत इथे होते.

पहिली गोष्ट, बाजारात कुठल्याही फायबरच्या उशीला सरसकट रेक्रॉन म्हणतात. तो रिलायन्सचा ब्रँड आहे. दुकानदार ते नाव घेतो म्हणजे आत तेच आहे असं नाही. तुम्ही नावाने नाही, गुणाने मागा. चार गोष्टी लिहून घ्या: डेनियर, पोकळ आहे का, सिलिकॉन आहे का, नवं आहे का रिसायकल.

डेनियर म्हणजे तंतूची जाडी. 9000 मीटर तंतूचं वजन ग्रॅममध्ये. सात डेनियर मध्यम. 15 डेनियर जाड, उभारी जास्त देतो पण हाताला थोडा भरड लागतो; सोफ्याच्या पाठीला किंवा लोडाला ठीक. मायक्रोफायबर एक डेनियरच्या आसपास, पिसासारखा मऊ. मऊ असल्यामुळे तो दबतोही, म्हणून तेवढीच उंची मिळवायला भरण जास्त लागतं: जिथे सात डेनियरचं 750 ग्रॅम पुरतं तिथे मायक्रोफायबर 950 ग्रॅमच्या आसपास धरा. शिवाय तो सैल विणीच्या कापडातून बाहेर डोकावतो, म्हणजे खोळही महाग घ्यावी लागते. जास्त भाड्याच्या खोल्या असतील तर त्या खोल्यांपुरता घ्या, 20 बाय 30 इंचात 1100 ग्रॅम.

पोकळ तंतूत मधून नळीसारखी जागा असते. हवा धरते, वजन कमी ठेवते. तंतूला स्प्रिंगसारखी वळी दिलेली असते, ती उशीला पुन्हा वर उठवते. सिलिकॉनचा थर तंतू एकमेकांवरून घसरावेत म्हणून. हा थर गेला की तंतू गुंततात आणि त्याच गाठी पाहुण्याच्या कानाखाली येतात. म्हणूनच बिनसिलिकॉनचं फायबर पहिल्या दिवशी फुगीर दिसतं आणि दोन धुण्यांत गोळा होतं. रिसायकल फायबर सगळंच टाकाऊ नसतं, पण हलक्या प्रतीच्या मालात तंतूंची लांबी-जाडी एकसारखी नसते, मधे रंगीत ठिपके दिसतात, आणि उभारी लवकर जाते.

तपासायचं कसं? नमुन्याची उशी घेऊन एका कोपऱ्याची शिवण चार इंच उसवा आणि मूठभर फायबर बाहेर काढा. उजेडात धरा: रंग पांढरा, एकसारखा हवा, पिवळट झाक, काळे-निळे ठिपके, धूळ नको. दोन बोटांत चोळा: सिलिकॉन असेल तर तंतू निसटतात, नसेल तर कोरडे, खरखरीत लागतात. मुठीत घट्ट दाबून सोडा. लगेच फुलायला हवं. चिमूटभर चिमट्यात धरून उघड्यावर, धूर अंगावर येणार नाही असं उभं राहून जाळा. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर येतो, टोकाला कडक मणी बनतो. कागद जळल्यासारखा वास येऊन राख पडली तर आत कापूस किंवा कापडाची कतरण मिसळली आहे. मग अख्खी उशी मधोमध दुमडा, वर पाव किलोचं काही ठेवा आणि सोडा. चांगली उशी ते वजन ढकलून सरळ होते.

वजनाचं लक्षपूर्वक वाचा. विक्रेता म्हणतो 800 ग्रॅमची उशी. हे वजन खोळीसकट की फक्त भरणाचं? 17 बाय 27 इंचाच्या खोळीला दोन्ही बाजू मिळून साधारण 0.6 चौरस मीटर कापड लागतं. 120 जीएसएमचं (चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाचं) कापड धरलं तर 70 ग्रॅमच्या वर तेच झालं, शिवण, चेन, लेबल मिळून 90. म्हणजे 800 च्या उशीत 710 भरण. दोन कोटेशनची तुलना करताना एकाने निव्वळ आणि दुसऱ्याने सगळं मिळून सांगितलं असेल तर स्वस्त दिसणारा माल प्रत्यक्षात महाग निघतो. कोटेशनमध्ये भरणाचा किलोचा दर, खोळीचा दर, शिलाई आणि वाहतूक अशी चार खाती वेगळी मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

कडक-मऊ हे शब्द ऑर्डरमध्ये लिहू नका; ज्याचा त्याचा अंदाज वेगळा असतो. 17 बाय 27 ला 650 ग्रॅम म्हणजे मऊ, 750 मध्यम, 900 च्या वर कडक, असं धरा. मी 750 म्हणतो कारण पहिल्या महिन्यात प्रत्येक फायबर थोडं बसतं. सगळ्या उशा 750 च्या न घेता 12 उशा 600 च्या घेतलेल्या बऱ्या. वयस्कर माणसं आणि मुलं बारीक उशीच मागतात. त्यांच्या खोळीच्या कडेला वेगळ्या रंगाची पायपिंग (शिवणीतली बारीक गोट) लावून घ्या, म्हणजे खोल्या लावणाऱ्या मुलांना वजन करत बसावं लागणार नाही. 60 चा आकडा बरोबर आहे: 24 खोल्यांच्या 48, जादा गाद्यांसाठी सहा, आणि सहा धुण्यात-वाळण्यात.

खोळीसाठी इचलकरंजी हाताशी आहे, तेव्हा कापडात तडजोड करायचं कारणच नाही. सुती, दाट वीण, इंचात ताणाबाणा मिळून 200 च्या वर धागे. न विणलेल्या, कागदासारख्या कापडाची खोळ पहिल्या धुण्यात फाटते. सुती कापड धुतल्यावर तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे 27 इंचाची खोळ 26 च्या आसपास येते आणि उशी टणक वाटायला लागते. म्हणून आधी आटवलेलं कापड मागा. अभ्रा उशीपेक्षा लांबीला आणि रुंदीला इंचभर मोठा, 18 बाय 28, आणि आत दुमडणारी पट्टी किमान सहा इंच. खोळीची शिवण दुहेरी. एका आखूड बाजूला लपवलेली चेन, ओढायची कडी काढून टाकलेली. ही चेन महत्त्वाची आहे: वर्षा-दीड वर्षाने उशी बसली की 100 ग्रॅम फायबर वरून भरता येतं आणि उशी आणखी वर्षभर चालते.

प्रोटेक्टरवर काटकसर करू नका. तेलाचा डाग अभ्र्यातून दोन रात्रींत खोळीपर्यंत जातो, आणि खोळीतून भरणात गेला की तिथून निघत नाही. आत पातळ पॉलियुरेथेनचा थर असलेला, वरून सुती किंवा टेरी कापडाचा प्रोटेक्टर घ्या. प्लास्टिकचा किंवा रेक्झिनचा नको. घाम येतो, कूस बदलली की चरचर आवाज होतो, आणि तक्रार उशीच्या नावाने येते. उशा 60 असल्या तर प्रोटेक्टर 100 आणि अभ्रे 180 ठेवा.

तुमच्या जागेचा एक खास विषय म्हणजे गुलाल. जोतिबाच्या डोंगरावरून, विशेषतः चैत्र यात्रेत, माणसं गुलालाने भरून येतात आणि आंघोळीआधीच आडवी होतात. असा अभ्रा ओला करू नका. आधी बाहेर नेऊन कोरडा झटका, ब्रशने झाडा, मग थंड पाण्यात दोनदा खळबळा, आणि त्यानंतरच साबण आणि गरम पाणी. सुरुवातीलाच गरम पाणी लावलं तर गुलाबी झाक बसते. म्हणूनच अभ्रे पांढरे घ्या, नाइलाज झाला तर ब्लीच करता येतात. प्रोटेक्टरला आणि उशीला मात्र ब्लीच नाही.

उशी वर्षातून दोन-तीनदा धुवावी: पावसाआधी, नवरात्राआधी आणि चैत्र यात्रेनंतर. धुण्याआधी प्रत्येक उशी वजन करून लेबलवर न पुसणाऱ्या पेनाने ग्रॅम लिहा. मशीनमध्ये जोडीने टाका, एकटी टाकली तर ड्रम हेलकावतो. द्रव साबण नेहमीच्या निम्मा, पाणी 60 अंश, एक खळबळ जादा, सॉफ्टनर नाही. स्पिन झाल्यावर ड्रायर 60 अंशांच्या आसपास. त्याहून फार वर गेलं की तंतूची वळी सैल पडते आणि उशी कायमची बसते. वीस-वीस मिनिटांनी बाहेर काढून झटका आणि उलटी करून आत टाका. वरून कोरडी लागली म्हणून फसू नका, पुन्हा वजन करा. पॉलिएस्टर ओल धरत नाही, त्यामुळे 50-60 ग्रॅम जास्त भरले तर ते मधोमध अडकलेलं पाणीच आहे. तशीच पलंगावर गेली तर आठवड्यात वास येतो. लाँड्री बाहेर देत असाल तर ड्रायर किती तापमानाला चालवतात ते आधी विचारा. टॉवेलच्या तापमानावर उशा टाकणारे बरेच आहेत.

ऑर्डर देताना पसंत पडलेल्या नमुन्यासारख्या दोन उशा करून घ्या, दोघांच्या सह्यांचं लेबल आत शिवा, एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. माल आला की वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या सहा उशा काढून तोला आणि दोन उघडून बघा. निव्वळ भरण 750 च्या जागी 710 च्या खाली भरलं तर गठ्ठा परत. व्हॅक्यूम करून आलेल्या उशा उघडून एक दिवस मोकळ्या ठेवा, मगच फुगवटा तपासा. तशाच दाबून महिनोन्महिने कोठीत ठेवल्या तर उभारी पूर्ण परत येत नाही. शेवटचा हप्ता या तपासणीनंतर द्यायचा, असं ऑर्डरवरच लिहा.

जुन्या कापसाच्या उशांचं काय करावं तेही तुम्ही विचारलंय. ज्यांना बुरशीचे काळे ठिपके नाहीत त्यांचा कापूस उन्हाळ्यात चार दिवस कडक उन्हात घालून पिंजून घ्या आणि त्याचे लोड-तक्के करून रिसेप्शनच्या बैठकीवर ठेवा. ठिपके असलेला कापूस ठेवू नका, त्याची बुरशी नव्या गाद्यांना लागते.