फ्राइड राइसनंतर उलट्या: दोष अजिनोमोटोचा की भाताचा?

गाडीवरचा फ्राइड राइस खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या, हा अजिनोमोटोचा प्रताप का, असं तुम्ही विचारलंय. मी चार वर्षं चायनीजची गाडी लावायचो. माझा पहिला संशय भातावर.

फ्राइड राइसला गरम भात चालत नाही, कढईत गिचका होतो. म्हणून आम्ही दुपारी २ वाजताच भात उकडून, निथळून, तेलाचा हात लावून मोठ्या टोपात भरायचो, वर ओला फडका. गाडी लागायची ६ला, शेवटची प्लेट साडेअकराला. रात्री ८ला टोपात हात घातला तर वरचा भात गार आणि मधला अजून कोमट. गोम तिथेच.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू (म्हणजे टणक कवचातलं त्याचं झोपलेलं रूप) असू शकतात आणि ते भात शिजताना मरत नाहीत. कोमट भातात जंतू वाढतात, विष सोडतात. आम्हाला वाटायचं, एवढ्या भडकत्या बर्नरवर परतल्यावर काय शिल्लक राहणार? जंतू मरतात हो, विष राहतं. ते १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. वास नाही, चव नाही. अर्ध्या ते सहा तासांत उलट्या, आणि बहुतेकदा दिवसभरात आराम.

माझ्याच गाडीवरचा उरलेला राइस खाऊन धाकटा भाऊ रात्रभर मोरीपाशी बसला होता. आई म्हणाली, "ती पांढरी पावडर!" मीही मान डोलावली, सोयीचं होतं ना. अजिनोमोटो हे खरं तर कंपनीचं नाव. जिन्नस मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेटची ही चव शोधली. टोमॅटोतही ग्लुटामेट असतंच. काहींचं डोकं जड होतं म्हणतात, पण अशा उलट्यांना ते सहसा कारण नसतं.

पुन्हा झालं तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, विषावर ते चालत नाही. ओआरएस नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटघोट प्या. ताप, रक्त, लघवी कमी होणं, किंवा लहान मूल असेल तर थेट डॉक्टर.

शेवटच्या वर्षी मी दोनदा भात लावून परातींत पातळ पसरायचो, पंख्याखाली गार झाला की बर्फाच्या पेटीत. गॅस जास्त जायचा. भागीदार रोज कुरकुरायचा.