पहिली अँजिओग्राफी चांगली आली तरी पेढे वाटू नका

भाऊ, वहिनींच्या पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर ‘कॅरोटिडला इजा झाली होती, रक्त थांबवलंय’ हे डॉक्टरांचं वाक्य तुम्ही लिहिलंत. ते ऐकून पोटात कसा गोळा येतो, मला ठाऊक आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगतच, मेंदूला रक्त नेणारी ही कॅरोटिड धमनी असते. नाकातून केलेल्या ऑपरेशनात ती क्वचितच दुखावते. माझी दुखावली होती.

पहिली अँजिओग्राफी (धमन्यांची तपासणी) ठीक आली, तरी जखमेच्या जागी धमनीला फुगा येऊ शकतो. काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीसुद्धा. माझा दुसऱ्या तपासणीतच दिसला. म्हणून पुढची अँजिओग्राफी कधी, हे डिस्चार्जआधी तारखेसकट लिहून घ्या. लाजू नका, दोनदा विचारा.

हा फुगा फुटून घरी वहिनींच्या नाकातून भळाभळा रक्त आलं तर कांदा हुंगवत बसायचं नाही, थेट 108. आणि मेंदूच्या धमन्यांवर कॅथलॅबमध्ये (धमनीतून नळी घालून उपचार करतात त्या खोलीत) उपचार होतात अशाच रुग्णालयात. कुठलं, ते आजच विचारून ठेवा. तुम्ही इंदूरच्या सराफा बाजारात राहता, रात्री तिथं खाऊगल्ली भरते, खवय्यांतून सायकल निघत नाही! मोठ्या रस्त्यापर्यंत कसं न्यायचं तेही ठरवा. डोळा लाल होऊन पुढे येणं, डोक्यात ठोक्याबरोबर सूंसूं आवाज, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तरी तसंच निघायचं.

धमनीत स्टेंट बसवला तर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या परस्पर थांबवायच्या नाहीत, दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी आधी सर्जनना फोन. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर दिलेल्या हायड्रोकॉर्टिझोन या स्टेरॉइडचंही तेच. फाइल फ्रीजवर ठेवा, कपाटात नको.