गोळीचा मार्ग काढून देणाऱ्या बॅलिस्टिक्स अ‍ॅपप्रमाणे रायफलची साइट (नेम धरायचं साधन) लावूनही 600 मीटरवर गोळी लक्ष्याखाली का लागते?

बहुतेक वेळा चूक अ‍ॅपची नसते, त्यात भरलेल्या वेगाची असते. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग सहसा कंपनीच्या लांब चाचणी-नळीतला असतो. तुमची नळी आखूड असेल तर गोळी त्याहून हळू निघते. 100 मीटरवर हे जाणवतही नाही, 600 वर मात्र चांगलंच दिसतं. क्रोनोग्राफने स्वतःच्या रायफलचा वेग मोजा आणि तोच भरा. मग बघा:

- गोळी हवेचा अडथळा किती सहज कापते हे सांगणारा गुणांक जी1 आणि जी7 अशा दोन मापांत देतात. जी1 चा आकडा चुकून जी7 च्या रकान्यात तर नाही ना? जी7 चा आकडा साधारण निम्मा असतो.
- हवेचा दाब जागेवरचा भरा. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीवर आणलेला असतो.

एवढं करूनही वारा अ‍ॅपला दिसत नाही. तो रेंजवरच्या झेंड्यांवरून तुम्हालाच वाचावा लागणार.